मागचे दार : एका मतल्याचं प्रकरण

यवतमाळकडच्या एका जिनिंग मिलमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीत, ते हिशेब लिहितात. वय ४१. मिलमध्ये, गावात आणि आता घरीदेखील त्यांना दिवाणजीच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो. मी निवृत्त मराठी शिक्षक. सहा-सात नवशिके आपल्या गझला मला पाठवतात, मी त्या तपासून देतो. गझलवाले या कामाला इस्लाह म्हणतात. हे प्रकरण लिहू का, असं विचारलं तेव्हा दिवाणजी म्हणाले, "नाव नका टाकू सर. ओळी टाका."

जूनमध्ये एका रात्री अकराच्या सुमारास व्हॉट्सॲपवर खातेवहीच्या एका पानाचा फोटो आला. त्यावर एक मतला होता. मतला म्हणजे गझलेचा पहिला शेर. त्यात यमक दोन्ही ओळींत यावं लागतं, पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत.

घराला जुन्या एक ते दार होते
दारात बापाचे उपकार होते

खाली लाल शाईत आखलेला तक्ता. अक्षरे १२, १२. मात्रा २०, २०. गुरू ८, ८. लघू ४, ४. त्याखाली एक वाक्य : "सर, जमाखर्च तं जुळला. मंग म्हणताना काहून अडते?"

मी बोटांवर मोजून पाहिलं : लघू म्हणजे एका मात्रेचं अक्षर, गुरू म्हणजे दोन मात्रांचं. तक्ता खरंच बरोबर होता. इतका नेटका चुकलेला मतला मी आधी पाहिला नव्हता.

जुळलेला आकडा

वृत्त भुजंगप्रयात. त्याची लगावली म्हणजे लघू-गुरूंचा क्रम असा : लगागा लगागा लगागा लगागा. लगागा या तीन अक्षरांच्या गटाला 'य' गण म्हणतात. इथे चार 'य' गण, म्हणून ४ लघू, ८ गुरू, एकूण २० मात्रा. पहिली ओळ या क्रमात चोख बसते : घराला, जुन्या ए, क ते दा, र होते. दुसरी ओळ मात्र 'दा' या गुरूने सुरू होते आणि पुढे अशी चालते : गागाल गागागा ललगा लगागा. बेरीज तीच, पण नोंदी भलत्या तारखांना पडलेल्या. असं सांगितल्यावर दिवाणजींना ते लगेच कळलं. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, रक्कम जुळली तरी जमा आधी आणि नावे म्हणजे खर्च नंतर, हा क्रम मोडला तर वही खोटी, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

मग त्यांना स्वतःला ही ओळ बरोबर का वाटली होती? कारण ते ती गात होते. उर्दू गझला त्यांनी रेडिओवर खूप ऐकल्या आहेत. उर्दूत 'मेरे', 'से', 'का' यांचा दीर्घ स्वर गरजेप्रमाणे ऱ्हस्व म्हटलेला चालतो. तीच सवय लागून ते 'बापाचे'चा शेवट आखडून 'दारात'चा पहिला 'दा' झटक्यात उरकत. मराठीत ही सोय नाही. जे अक्षर जसं लिहिलं, तसंच ते मोजायचं. चाल ही मोठी लबाड गोष्ट आहे, ती ओळीतले खड्डे भरून काढते. म्हणून मी त्यांना पहिला नियम घातला : ओळ तपासताना गायची नाही. दुकानात उधारी वाचून दाखवतात तशी सपाट वाचायची.

आणि ताल कानात बसण्यासाठी नवं काही शिकायची गरज नव्हती. लहानपणी दिवेलागणीला आजी त्यांच्याकडून मनाचे श्लोक म्हणून घ्यायची. ते २०५ श्लोक सगळे याच वृत्तात आहेत. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ टाळी वाजवत म्हणा आणि त्याच टाळीवर आपली ओळ म्हणा, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : "दारातवर टाळीच चुकते जी."

त्यांनी सुरेश भटांच्या 'गझलेची बाराखडी'ची झेरॉक्स कुठूनतरी मिळवून वाचली होती. हातात कुणी गुरू नसलेल्या कित्येकांची सुरुवात त्या छोट्या पुस्तिकेनेच झाली आहे. त्यामुळे काफिया आणि रदीफ त्यांना सांगावे लागले नाहीत. 'होते' हा रदीफ, म्हणजे ओळीअखेर तसाच परत येणारा शब्द. त्याआधीची 'दार, चार, फार' ही यमकं म्हणजे काफिये. अडचण होती ती जोडाक्षरांची. शाळेच्या व्याकरणात शिकलेला नियम, की जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, त्यांच्या डोक्यात पक्का होता. म्हणून 'जुन्या' हा शब्द चुकला असं समजून त्यांनी ती ओळ एकदा खोडलीही होती, ती नेमकी बरोबर असताना. नियमातलं अर्धं वाक्य शाळेत राहून जातं. आधीच्या अक्षरावर आघात पडला तरच ते गुरू. 'सज्जन' म्हणताना 'स'वर जीभ थबकते, 'जुन्या' म्हणताना 'जु'वर थबकत नाही. तुझ्या, पुन्हा, उन्हाळा या सगळ्यांत पहिलं अक्षर लघूच. हा मुद्दा पुढे कामाला येणार होता.

शेतकरी बसत नाही

दुसरी ओळ सुधारायला बसल्यावर त्यांना एक वेगळाच शोध लागला. 'उपकार' हा शब्द भुजंगप्रयातात येऊच शकत नाही. ललगाल. या वृत्तात दोन लघू शेजारी कधी बसत नाहीत. मग त्यांनी यादीच करायला घेतली. 'शेतकरी' : गाललगा, नाही. 'वडील' : लगाल, नाही, कारण दोन लघूंच्या मध्ये दोन गुरू हवेत, इथे एकच. 'सावकार' : गालगाल, नाही. 'जमीन' नाही. 'सरकी' नाही. 'कविता'ही नाही. आणि सगळ्यात मजा म्हणजे 'हिशेब' नाही.

"सर, हे कोन्या कामाचं वृत्त? शेतकरी नाही, सावकार नाही, म्या तं दोघायचंच लिहायला घेतलं होतं."

मात्रावृत्त घेतलं तर एका गुरूच्या जागी दोन लघू चालतात, तिथे 'शेतकरी' सुखाने बसतो, हे मी सांगितलं. वृत्त बदलायचा रस्ता मोकळा होता. पण त्याआधी एक प्रश्न विचारला : तुमच्या घरात 'शेतकरी' हा शब्द कोण वापरायचं? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, कोणीच नाही. घरात 'वावर' म्हणत, 'वावरात गेले' म्हणत. 'शेतकरी' पेपरात यायचा. बापाला ते 'बाबा' म्हणायचे. बाबा : गागा. बसतो.

इथे एक सावधगिरी. यावरून कुणी असा सिद्धान्त काढू नये की वृत्त खोटे शब्द गाळून खरे ठेवतं. तसं काही नाही. 'हिशेब' हा त्यांचा सर्वांत खरा शब्द, तोही बाहेरच राहिला होता. हा निव्वळ योगायोग. पण शब्द बसेना म्हणून माणूस दुसरा शब्द शोधायला घरात गेला, हे मात्र घडलं. आणि प्रत्यय लावला की काही शब्दांना दार उघडतं, हेही त्यांनीच शोधलं : 'हिशेब' बसत नाही, 'हिशेबात' बसतो. लगागाल.

माझी चूक

जुलैभर दुसरी ओळ आली नाही. रोज एक प्रयत्न यायचा आणि मी रोज काट मारायचो. 'होते' हा रदीफही त्यांना नडत होता. 'अंधार'वर त्यांचा फार जीव, पण अंधार 'होता', 'होते' नाही. (माझ्या मते हे बरंच झालं. नवशिक्याच्या गझलेत अंधार एकदा शिरला की पाठोपाठ दिवा येतो, मग वादळ येतं.) ऑगस्टमध्ये त्यांचा धीर सुटतोय असं मला वाटलं आणि मी करू नये ते केलं. एक ओळ तयार करून दिली :

तळाशी मनाच्या जुने वार होते

लगावली निर्दोष. काफिया चोख. अशा ओळीला मुशायऱ्यात हमखास वाहवा मिळते, कारण ती प्रत्येकाने आधी कुठेतरी ऐकलेली असते. दिवाणजींनी आभार मानले. गणपतीत गावातल्या कविसंमेलनात त्यांनी मतला म्हटला, दादही आली. दुसऱ्या दिवशी फोन : "सर, लोकायनं दुसऱ्या ओळीले वाह म्हटलं. पहिलीले कोणी काही म्हटलं नाही. दुसरी तं तुमची आहे."

यापेक्षा नेमकी समीक्षा माझ्या ओळीवर कुणी केलेली नाही. घर, दार, बाप असं काहीतरी सांगू पाहणाऱ्या माणसाच्या तोंडात मी 'मनाचा तळ' कोंबला होता. इस्लाहमध्ये एखादा शब्द सुचवणं ठीक, पण पूर्ण ओळ देऊन टाकणं म्हणजे विद्यार्थ्याचा पेपर सोडवणं. ३० वर्षं वर्गात ते केलं नाही, आणि इथे मोबाइलवर केलं. ओळ परत घेतली.

'एक ते'

मग लक्ष पहिल्या ओळीकडे गेलं. दोन महिने आम्ही दोघं दुसरीशी झटत होतो आणि पहिली बरोबर म्हणून बाजूला ठेवली होती. ती वृत्तात बरोबर होती, एवढंच.

मी त्यांना बोट ठेवून वाचायला सांगितलं. एकेका शब्दावर बोट ठेवायचं, उरलेलं वाचायचं, अर्थ ढळला नाही तर तो शब्द भरीचा. 'घराला' झाकून पाहिलं, ओळ कोसळली. 'जुन्या' झाकला, थोडी हलली. 'एक ते' झाकलं, काहीच झालं नाही. घराला जुन्या... दार होते. दार असतंच घराला.

दिवाणजी वादाला उतरले, आणि मुद्द्यावर : "समर्थांनी 'चि' नाही का घातला? भक्तिपंथेचि. तो कायले आहे? मात्रा भरायलेच ना?"

हा प्रश्न मला कोणत्याही वर्गात कुणी विचारला नव्हता. जुन्या संस्कृत छंदांत 'च', 'वै', 'हि' असे शब्द निव्वळ पाद भरायला येतात, त्याला पादपूरण म्हणतातच. समर्थांनाही त्या जागी एक लघू हवा होता, यात शंका नाही. पण 'चि' काढून बघा. 'भक्तिपंथे जावे' हा सल्ला आहे. 'भक्तिपंथेचि जावे' म्हणजे त्याच वाटेने जा, दुसरी धरू नको. जागा वृत्ताने मागितली, पण आलेल्या अक्षराने तिथे काम केलं. तुमचा 'एक ते' काय काम करतो? एकच दार होतं का घराला?

"नाही जी. दोन होते."

मग मी त्यांना गझल बंद करायला सांगितलं. ते घर गद्यात लिहा, दहा ओळी, एकही उपमा नको. रात्री जे आलं ते त्यांच्या परवानगीने जसंच्या तसं देतो :

"आमच्या घराले दोन दारं होते. पुढच्यानं सारे येत. मागचं न्हाणीकडं उघडे. दिवाळी झाली की चार माणसं येऊन बैठकीत बसत. ते आले की बाबा मागच्या दारानं वावरात निघून जात. आई चहा मांडे. चार कप. बाबाचा कप मांडत नसे."

मी फक्त एवढंच कळवलं : 'एक ते' म्हणजे गालगा. त्याच मापाचा एक शब्द तुमच्या तिसऱ्या वाक्यात आहे. २० मिनिटांनी मतला आला. दोन्ही ओळी एकदम.

घराला जुन्या मागचे दार होते
पुढे बैठकीला कुणी चार होते

'एक ते' आणि 'मागचे'. तेवढीच तीन अक्षरं, तेच वजन. तीन महिने त्या जागेवर भर घातलेली होती आणि तिच्याखाली मागचं दार होतं. दुसरी ओळ वेगळी शोधावी लागलीच नाही. 'मागचे' आल्याबरोबर 'पुढे' आपोआप आलं. आणि बाप दोन्ही ओळींत नाही. आधीच्या मतल्यात 'बाप' आणि 'उपकार' दोन्ही शब्द होते, तेव्हा तो दिसत नव्हता.

आता 'कुणी'. बोट ठेवून पाहिलं तर 'कुणी' झाकूनही अर्थ राहतो : बैठकीला चार होते. माझ्या कसोटीने हाही भरीचा. मी तसं म्हणालो. ते अडून बसले. गावात त्या चौघांची नावं सगळ्यांना माहीत होती, पण घरात कुणी नाव घ्यायचं नाही. मुलांनी विचारलं की आई म्हणायची, कोणी आले आहेत. 'कुणी' म्हणजे आईचा शब्द. मी माघार घेतली. कसोटी चांगली आहे, पण लिहिणाऱ्याला त्या शब्दाचा पत्ता सांगता आला तर ती तिथेच सोडून द्यावी, असं मला आता वाटतं. हा मतला कितीतरी वेळा लिहिला गेला, त्यातली शेवटची तीन वळणं याच एका शब्दावर गेली.

पऱ्हाटी

मतला सापडला की बाकी गझल झरझर येते असं लोक म्हणतात. आली नाही. गझलेत किमान पाच शेर असावेत हा संकेत आहे, पण आकडा भरायला शेर पाडायचे नाहीत असं आमचं ठरलं होतं. ऑक्टोबरात एक ओळ आली :

चुलीला पऱ्हाटी जिनाला कपाशी

पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. वेचणी संपली की उपटून जळणाला नेतात. 'पऱ्हाटी' लगागा आहे हे त्यांनी मला न विचारता ठरवलं होतं, 'जुन्या'च्या हिशेबाने : 'प'वर आघात नाही. याचा मला मतल्याइतकाच आनंद झाला. पण ओळ ऐकायला विचित्र होती. चार शब्द, चार गण, प्रत्येक शब्द नेमका गणाच्या मापाचा. ती बँडपथकासारखी पाय आपटत चालते. समर्थांच्या ओळीत 'सज्जना' दोन गणांत विभागला जातो, 'भक्तिपंथेचि'ही गणाची वेस ओलांडतो, म्हणून ती म्हणताना वाहते. शब्दाचा तोड आणि गणाचा तोड प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी पडला की बडबडगीत होतं. शिवाय कपाशी वावरात असते, जिनमध्ये येतो तो कापूस, हे त्यांच्याच मिलमधल्या हमालाने ऐकवलं. गझलेचा तो एकमेव श्रोता मला फार आवडला.

सुधारून शेर असा झाला :

चुलीला पऱ्हाटी नि कापूस गेला
हिशेबात देणे तरी फार होते

आमच्यातल्या एका जुन्या गझलकाराने हरकत घेतली. वाक्याची रचना अशी, की कापूसही चुलीत गेल्यासारखा वाटतो. अर्थ सुटा करा, तो तर विकायला गेला ना? तांत्रिकदृष्ट्या हरकत बरोबर होती आणि मी ती दिवाणजींना कळवली.

"गेलाच की चुलीत," ते म्हणाले. "तसंच राहू द्या."

राहू दिलं.

सध्याची स्थिती

अजून दोन शेर आले, दोन्ही त्यांनी स्वतःच काढून टाकले. एकात 'विकूनी' होतं. असं जुनं रूप बोलण्यात कुणी वापरत नाही, ते फक्त मात्रेसाठी येतं. दुसऱ्यात 'आता'चं 'अता' केलं होतं. ही सूट अनेक नामवंतांनी घेतलेली आहे, मी ती खोडली नसती. पण ते म्हणाले, बिलात खाडाखोड केल्यासारखं दिसतं.

दिवाळीनंतर मिल सुरू झाली. कापूस येतो, सरकी वेगळी होते, रुई दाबून गाठी बांधल्या जातात, एक गाठ १७० किलोची. त्या मोजून वहीत चढवणं हे दिवाणजींचं काम. रात्रपाळीतून एक ओळ आली :

दिवाळीत मी मोजतो त्याच गाठी

मी बोट ठेवलं. 'त्याच'मधला 'च' झाकला. त्या गाठी, त्याच गाठी. मी काही लिहायच्या आत त्यांचाच निरोप आला : "सर, 'च' बघितला का? समर्थांचा आहे."

तिची जोडओळ अजून आलेली नाही. 'बाजार' काफिया घेऊन त्यांनी दोनदा प्रयत्न केला, 'आधार' घेऊन एकदा. तिन्ही वेळा वृत्त बिनचूक होतं. तिन्ही वेळा मी पाहायच्या आधीच त्यांनी लाल शाईने काट मारून फोटो पाठवला होता.